गावाची यादी कोण करतं?

चुलत बहिणीचे लग्न वैशाखात करायचे ठरले आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे. लग्नासाठी वेडिंग प्लॅनर नेमायचा, की नेहमीप्रमाणे भावकीच्या बळावर कार्य पार पाडायचे? बहीण पुण्यात नोकरी करते. तिला प्लॅनर हवा आहे. काका औसा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करतात आणि प्लॅनरचा उल्लेख ‘गुत्तेदार’, म्हणजे कंत्राटदार, असाच करतात. खर्चाचा थोडा वाटा मी उचलणार असल्यामुळे जर्मनीत बसलेल्या मलाही मत विचारले गेले, पण विचारतानाच ‘तुमच्याकडे तर सगळे असेच करतात’ असे गृहीत धरलेले होते.

हे गृहीतक खरे नाही. श्टुटगार्टमधल्या नऊ वर्षांत मी पाच लग्नांना गेलो. त्यांपैकी एकाच ठिकाणी पैसे देऊन नेमलेला व्यवस्थापक होता. एरवी ते काम नवरा-नवरीचे साक्षीदार करतात. कायद्याने लग्न लागते ते सरकारी नोंदणी कार्यालयात, आणि तिथे साक्षीदाराची सक्ती १९९८ मध्येच उठली. तरीही बहुतेक जोडपी साक्षीदार ठेवतात, कारण अंगठ्या सांभाळण्यापासून रात्री वादकांना पैसे देण्यापर्यंतची सगळी धावपळ तो जिवलग मित्र किंवा ती बहीण करते. म्हणजे ज्याला काका भावकी म्हणतात, ती इथेही आहे. फक्त ती दोन माणसांची आहे.

दोन माणसांत भागते, कारण पाहुणे सत्तर असतात. निमंत्रणावर उत्तर कळवण्याची तारीख छापलेली असते, प्रत्येक खुर्चीपुढे नावाची चिठ्ठी असते, आणि न कळवता आणखी दोघांना घेऊन येणे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. प्लॅनरचा सगळा धंदा या आकड्यावर उभा असतो. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या एका प्लॅनरशी आमचे व्हिडिओवर बोलणे झाले, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न पाहुण्यांच्या यादीचा केला. काका म्हणाले, ‘‘गाव जेवणार आहे. गावाची यादी कोण करतं?’’

तो बिचारा गप्प झाला. मग काकांनीच बोटे मोजायला सुरुवात केली. किती घरांना चूलबंद आवतन, म्हणजे घरातले सगळेच जेवायला येणार, आणि किती घरांतून माणशी एक. सोयरे कोणत्या गावचे आणि ते जीप भरून येणार की मोटारसायकलवर. आडतीवरची माणसे किती. पाच मिनिटांत त्यांनी अठराशे ते बावीसशे पान हा अंदाज दिला आणि वर सांगितले, की त्याच तिथीला शेजारच्या गावात लग्न निघाले तर तीनशे कमी धरा. नोकरीत मी मागणीचे अंदाज बांधतो, त्यामुळे हे ऐकताना मला थोडी लाज वाटली. नंतर काकांनी पाण्याचे विचारले. प्लॅनरच्या छापील यादीत ड्रोन होता, सेल्फी पॉइंट होता, टँकर नव्हता. त्याने तो लगेच लिहून घेतला, हे मात्र सांगायला हवे.

इथवर वाचून मी काकांच्या बाजूचा वाटेन. पण पूर्णपणे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले त्याच वर्षी, थोरल्या चुलतभावाचे लग्न झाले. त्या दिवशी कोठीची किल्ली काकूंच्या कमरेला होती. मंगलाष्टका चालू असताना त्या आचाऱ्याला साखर मोजून देत होत्या. पोटच्या मुलावर अक्षता टाकायला त्यांना मिळाले नाही आणि जेवायला बसल्या तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. बहिणीचे म्हणणे एवढेच आहे, की तिच्या लग्नात आई मांडवात बसलेली दिसली पाहिजे. ‘आपली माणसे फुकट राबतात’ हे काका अभिमानाने सांगतात, तेव्हा त्या फुकटातला सर्वांत मोठा वाटा कोणाचा, हे ते सांगत नाहीत. शिवाय ज्या पोरांच्या जिवावर ते कार्य काढायला निघाले आहेत, ती आता चाकणला आणि हिंजवडीत आहेत, आणि एक श्टुटगार्टला.

दुसरी एक गल्लत होते ती खर्चाबाबत. २०२५ मध्ये मराठा समाजातल्या काही कार्यकर्त्यांनी लग्नांसाठी आचारसंहिता मांडली, मोजके पाहुणे बोलवा, प्री-वेडिंग आणि डीजे टाळा असे सांगितले, आणि तेव्हापासून प्लॅनर म्हणजे उधळपट्टी असे समीकरण बसले. माझ्या मते हे त्याच्या मोबदल्यावर अवलंबून आहे. एकूण खर्चाच्या टक्क्यांवर काम करणाऱ्याला खर्च वाढलेलाच परवडतो. ठरावीक रकमेवर काम करणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. परक्या माणसाचा एक फायदाही आहे. सत्कार आणि आशीर्वादाच्या भाषणांत मुहूर्त टळत असताना पुढाऱ्याच्या हातून माईक काढून घेणे भावकीतल्या कोणालाही शक्य नाही. त्याला कदाचित जमेल.

परदेशात राहणाऱ्या माणसाला प्लॅनर आवडतो, याचे एक अवघड कारणही मला दिसते. पैसे पाठवले की आपली गैरहजेरी भरून निघाल्यासारखे वाटते. हे ओळखूनच मी माझे मत लिहून कळवले. प्लॅनर नेमावा, पण हळद आणि लग्न या दोन दिवसांपुरता. मोबदला ठरावीक असावा आणि कामे कागदावर असावीत. आचारी व मंडपवाल्याचे पैसे घरातून थेट द्यावेत. कोठी त्याच्या माणसांकडे असावी. आवतन, मानपान आणि आहेर यांत त्याने पडू नये, कारण कोणत्या मामांना फेटा आधी बांधायचा हे कोणत्याही करारात लिहिता येत नाही.

काकांनी हे मान्य केले, पण स्वतःची एक अट घातली. गुत्तेदाराचे पैसे मी द्यावेत आणि आवतन द्यायला पंधरा दिवस आधी येऊन त्यांच्याबरोबर गावोगाव फिरावे. रजेचा अर्ज दिला आहे. सध्या अकरा दिवस मंजूर झाले आहेत.