"शॉकवेव्हने हार्टचे ब्लॉकेज फुटतात" वाल्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, उपवनच्या मॉर्निंग वॉकवाल्यांकडे, नौपाड्यातल्या नातेवाईकांकडे, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: बायपास नको, अँजिओप्लास्टी नको, छातीला बाहेरून शॉकवेव्हचं मशीन लावलं की मुतखडा फुटतो तसे ब्लॉकेज फुटतात, जपानमध्ये कधीपासून चालू आहे, ऑस्ट्रियात सिद्ध झालंय, जॉन्सन अँड जॉन्सनने कंपनीच विकत घेतली, १०० पैकी ९५ जणांना आराम, साइड इफेक्ट शून्य, गोळ्या हळूहळू बंद, आणि डॉक्टर स्टेंटच्या कमाईपायी हे सांगत नाहीत. खाली सिटिंगच्या पॅकेजसाठी फोन नंबर. यात खऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि म्हणूनच ते लोकांना पटतंय, पण ज्या खऱ्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा वेगळ्याच उपचाराच्या आहेत.

"मुतखड्यासारखे फुटतात." नाही हो. बाहेरून लहरी मारून मुतखडा फोडणं १९८० ला म्युनिकमध्ये सुरू झालं ते बरोबर, पण हार्टसाठी वापरतात त्या लहरींची ताकद त्याच्या साधारण दहावा हिस्सा असते आणि त्या ब्लॉकेजवर मारतच नाहीत, ज्या स्नायूला रक्त कमी पोचतंय त्याच्यावर मारतात, तेही ईसीजीवर ठोका बघून ठरलेल्या क्षणी. त्या हलक्या धक्क्याने तिथे बारीक नव्या रक्तवाहिन्या वाढाव्यात अशी अपेक्षा असते. ब्लॉकेज जिथल्या तिथे. आणि समजा खरंच फुटला असता तर? खड्याचा चुरा लघवीतून निघून जातो, हार्टच्या नळीतला चरबीचा थर फाटला तर त्यावर गुठळी बसते, बरेचसे हार्ट अटॅक असेच येतात!

जपानचं म्हणाल तर तिथले हृदयरोगतज्ज्ञ शिमोकावा यांच्या टीमने २००४ मध्ये डुकरांवरचा अभ्यास छापला आणि २००६ मध्ये पेशंटवरचा. पेशंट किती, तर ९. आणि कोण, तर ज्यांची बायपास किंवा अँजिओप्लास्टी करण्यासारखी स्थितीच उरली नव्हती असे. त्यांचं छातीचं दुखणं कमी झालं, मग २०१० मध्ये खोट्या मशीनशी (म्हणजे मशीन लावायचं पण लहरी सोडायच्या नाहीत) तुलना करून पाहिलं, ८ पेशंटवर, तिथेही फायदा दिसला. नंतर चीन-युरोपात बरंच काम झालं, पण बहुतेक अभ्यास छोटे आणि कित्येकांत खोट्या मशीनचा गटच नाही. म्हणजे दिशा चांगली आहे, पण "ऑपरेशनऐवजी हे करा" असं त्यातून निघत नाही.

ऑस्ट्रियाचा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटला. इन्सब्रुकची ट्रायल २०२४ मध्ये आली, ६३ पेशंट, सगळ्यांचं पंपिंग (हार्ट दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४० टक्के किंवा त्याखाली, आणि सगळ्यांची बायपास झाली. हो, बायपास! छाती उघडलेली असतानाच निम्म्यांच्या हार्टवर थेट शॉकवेव्ह दिल्या, बाकीच्यांना दिल्याचं नाटक केलं. वर्षभराने पंपिंगचा आकडा शॉकवेव्हवाल्या गटात ११.३ ने वाढला, नाटकवाल्या गटात ६.३ ने. फरक मोठा आहे, संशोधन म्हणून मला तर हे फार आवडलं, पण "बायपास नको" याचा पुरावा म्हणून बायपासच्या टेबलावरची ट्रायल दाखवायची याला काय म्हणावं.

जॉन्सन अँड जॉन्सनचं तसंच. २०२४ मध्ये त्यांनी १३.१ अब्ज डॉलरला, म्हणजे लाख कोटी रुपयांच्या वर, शॉकवेव्ह मेडिकल घेतली ते खरं आहे. पण ती कंपनी फुगा बनवते. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून तो ब्लॉकेजपर्यंत नेतात, तिथे लहरी सोडून कडक झालेल्या कॅल्शियमला तडे पाडतात, म्हणजे मग स्टेंट नीट उघडतो. ही अँजिओप्लास्टीच झाली की!

९५ टक्के आराम? छातीत दुखणं कमी झालं का हे पेशंटला विचारूनच कळतं, आणि मोठं मशीन, सिटिंगवर सिटिंग, आपुलकीने बोलणारा स्टाफ, एवढ्यानेही बरं वाटतं. म्हणून खोट्या उपचाराशी तुलना करावीच लागते. हा नियम स्टेंटलाही लावून झालाय. इंग्लंडमध्ये ऑर्बिटा नावाची ट्रायल झाली, २०१७ ची, २०० पेशंट, निम्म्यांना स्टेंट न घालता घातल्याचं भासवलं, आणि सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्यात दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हार्ट अटॅकवाले नव्हेत, स्थिर दुखणं असलेले पेशंट होते ते. २०२३ च्या दुसऱ्या ट्रायलमध्ये, ३०१ पेशंट, स्टेंटने दुखणं खोट्या प्रोसिजरपेक्षा खरंच कमी झालं. कार्डिऑलॉजीवाल्यांनी स्वतःच्याच स्टेंटची अशी झडती घेतली आणि छापली, त्यामुळे "डॉक्टर लपवतात" हे जरा जास्तच झालं. कमाईचं बोलायचं तर औषधाचा लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर जायचा तो फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० वर आणून बांधला. या पॅकेजच्या सिटिंगला असं काही बंधन नाही.

साइड इफेक्टचं मात्र बहुतांशी मान्य, आतापर्यंतच्या अभ्यासांत हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित दिसलाय. ज्यांचं सगळं करून झालंय, गोळ्या पूर्ण डोसला आहेत तरी जिना चढताना छाती भरून येते, त्यांनी ट्रायलमध्ये भाग घेण्याबद्दल आपल्या कार्डिऑलॉजिस्टला जरूर विचारावं. पण "गोळ्या हळूहळू बंद" ही ओळ खोडूनच टाका. नवा स्टेंट असलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक भयंकर असतो.