गिदोनाची लोकर सगळीकडे लावू नका

देवाच्या मार्गदर्शनावर एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की मार्गदर्शन मिळालं तरी बायबलमधल्या गिदोनासारखी खूण मागा, पक्की खात्री झाल्यावरच पाऊल उचला. मला हे पटलं नाही. बायबलमधलं शास्ते ६ नीट वाचा नं, गिदोनाला देवानं आधीच स्पष्ट सांगितलं होतं जा म्हणून, लोकर त्यानं नंतर ठेवली (रात्री ती जमिनीवर ठेवून दवाची खूण मागितली) आणि तीही भीत भीत, देवानं त्याला सांभाळून घेतलं ही देवाची दया, आपल्यासाठी नियम नाही. उलट प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला फक्त रस्ता सांगितला, यरुशलेमहून गज्जाकडे जाणारा, पुढं कोण भेटणार काही नाही, तरी तो उठून गेला आणि एका परदेशी अधिकाऱ्याचा रथ दिसल्यावर धावत गेला!

आमची आत्या नागपूरला सदरमध्ये राहते, प्रार्थनेत कोणा आजाऱ्याचं नाव मनात आलं की डबा भरते अन् मेच्या उन्हातही थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात जाते, खूण कशाला मागायची, आजाऱ्याला भेटा हे मत्तय २५ मध्ये प्रभूनंच सांगितलंय म्हणते. हो, लग्न, नोकरी, गाव सोडणं अशा गोष्टीत पाळकसाहेबांना, घरच्या मोठ्यांना जरूर विचारा, १ योहान ४ मध्ये पारखून घ्या असंही आहेच, पण लेखकानं अशी साधी सेवा आणि हे मोठे निर्णय दोन्ही एकाच तराजूत तोललं ते चुकलंच.