सामासिक अंतर कुंपणापासून नव्हे, हद्दीपासून

घराभोवती सोडायची मोकळी जागा, म्हणजेच सामासिक अंतर, कुंपणाच्या भिंतीपासून मोजावी, असं तुमच्या लेखात म्हटलंय. हे दुरुस्त करा, कारण वाचक यावर विसंबून नकाशे काढतील. सामासिक अंतर प्लॉटच्या कायदेशीर हद्दीपासून धरतात. कुंपण हद्दीवरच असेल असं नाही. जुन्या गावठाणात तर ते हातभर आत-बाहेर सर्रास असतं. म्हणून आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यावी, मग वास्तुविशारदाकडे जावं. समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार असेल, तर पुढचं अंतर आजच्या कडेपासून नाही, रुंदीकरणाच्या रेषेपासून सुटतं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

दुसरं, सगळीकडे एकच आकडा नसतो. मुंबईची बांधकाम नियमावली वेगळी. बहुतांश उर्वरित महाराष्ट्राला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यात उंच इमारतींना बाजूचं आणि मागचं अंतर साधारण उंचीच्या एक पंचमांश धरतात, म्हणजे ३० मीटरला ६ मीटर.

आमच्या शेजारच्या इमारतीने बाजूच्या सामासिक जागेत पत्रे टाकून पार्किंग केलंय. आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि पावसाळ्यात त्या पत्र्यांचं पाणी थेट आमच्या खिडकीवर येतं. अग्निशमनाची गाडी तर आत वळूच शकत नाही. ही जागा उजेड, वारा आणि बंबासाठी आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळाल्यावर ती कोण तपासतं, यावरही कृपया लिहा.