‘प्राँग कॉलरने कुत्र्याला दुखत नाही’ या संदेशाला उत्तर

फिरायला नेल्यावर पट्टा ओढणाऱ्या कुत्र्यावर प्राँग कॉलर हाच खात्रीचा आणि निर्धोक उपाय आहे, असे सांगणारा एक लांबलचक संदेश श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला. आपल्या दीड वर्षाच्या लॅब्राडोरसाठी ती कॉलर मागवण्याच्या बेतात असताना तिने मला विचारले, “दादा, हे सगळे खरे आहे ना?” खरे नाही; आणि त्यातील काही भाग इतका घातक आहे की केवळ तिला फोनवर सांगून थांबणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही धातूच्या कड्यांची साखळी असते आणि प्रत्येक कडीची बोथट टोके आत, म्हणजे मानेकडे वळलेली असतात. पट्टा ताणला गेला की कॉलर आवळते, टोके मानेभोवती सगळीकडून रुततात आणि पट्टा सैल पडला की दाब कमी होतो.

संदेशातील पहिला दावा असा, की कुत्री आपल्या पिल्लांना मानेला चावून शिस्त लावते आणि ही कॉलर नेमके तेच करत असल्याने कुत्र्याला ती ‘भाषा’ उपजतच कळते. सर्वांत जास्त लोक याच वाक्यावर विश्वास ठेवतात आणि सर्वांत कमी आधार याच वाक्याला आहे. अगदी लहान पिल्लांना कुत्री तोंडात धरून हलवते ती त्यांना सुरक्षित जागी नेण्यासाठी, शिक्षा म्हणून नव्हे. पिल्ले मोठी होऊन दूध पिण्यासाठी मागे लागली की ती गुरगुरते, दात दाखवते, प्रसंगी तोंडाने हलकेच दाबते किंवा सरळ उठून निघून जाते. म्हणजे ती आधी इशारा देते आणि पिल्लू मागे हटले की तिथेच थांबते. एकाच वेळी मानेच्या सर्व बाजूंनी आवळणारा, कोणताही इशारा न देणारा आणि फोनवर बोलत चाललेल्या माणसाच्या हाताला बांधलेला दाब कोणत्याही आईच्या वागण्यात बसत नाही.

याच दाव्याच्या पोटात ‘मालकाने कळपाचा प्रमुख व्हावे’ ही जुनी कल्पनाही दडलेली आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून काढलेल्या निष्कर्षांतून ती आली. पुढे ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून स्पष्ट केले, की कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे. त्यामुळे लांडग्यांच्या नावाने कुत्र्याच्या मानेवर टोके बांधण्याचे समर्थन आता करता येत नाही.

दुसरा दावा, की कॉलरने दुखत नाही, फक्त ‘जाणीव’ होते. मग कुत्रा ओढायचे का थांबवतो? एरवी ज्या वासासाठी किंवा ज्या मांजरासाठी तो जिवाच्या आकांताने ओढत असतो, त्याचा मोह आवरण्याइतकी ती जाणीव तीव्र असली पाहिजे, आणि अशा तीव्र अप्रिय जाणिवेला आपण वेदनाच म्हणतो. कॉलर स्वतःच्या हातावर आवळून पाहा, असे आवाहन संदेशात आहे. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण हातात श्वासनलिका आणि थायरॉइड ग्रंथी नसते आणि दाब केव्हा येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. शिवाय कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या बाह्यत्वचेपेक्षा पातळ असते.

येथे एक गोष्ट मान्य करावी लागते. साधा गळपट्टाही निर्धोक नाही, हे संदेशातील म्हणणे बरोबर आहे. कुत्रा गळपट्ट्याला ओढत असताना त्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, हार्नेसला (मानेऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) ओढताना तसा वाढत नाही, असे २००६ मधील एका पशुवैद्यकीय अभ्यासात आढळले होते. पण यातून निघणारा निष्कर्ष मानेवरचा ताण काढून घ्यावा असा आहे, त्या ताणाला टोके जोडावीत असा नव्हे.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो: इतर कुत्र्यांवर भुंकणारा, धावून जाणारा कुत्रा या कॉलरने सुधारतो. असे बरेच कुत्रे मुळात घाबरलेले असतात. समोर दुसरा कुत्रा दिसला, हा पुढे झेपावला आणि त्याच क्षणी मान आवळली गेली, असे वारंवार घडले की दुसरा कुत्रा दिसणे म्हणजे दुखणे हीच सांगड त्याच्या मनात बसते. वेदनेच्या धाकाने तो कदाचित भुंकणे आणि गुरगुरणे थांबवील, पण भीती तशीच राहील, आणि मग एखाद्या दिवशी तो कोणताही इशारा न देता चावेल. तो दिवस इमारतीच्या लिफ्टमध्ये, शेजारच्या लहान मुलासमोर आला, तर त्याची शिक्षा त्या मुलाला आणि कुत्र्याला भोगावी लागेल, संदेश पाठवणाऱ्याला नाही.

यावर ‘पुरावा दाखवा’ असे म्हणणाऱ्यांनी पोर्तो विद्यापीठातील संशोधकांचा, २०२० मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेला अभ्यास वाचावा. निरनिराळ्या प्रशिक्षणशाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा त्यात समावेश होता. वेदना किंवा अस्वस्थता देणाऱ्या पद्धती वापरणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये प्रशिक्षणाच्या वेळी ओठ चाटणे, जांभया देणे यांसारखी तणावाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाशी संबंधित संप्रेरक बक्षीस देऊन शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त वाढले. पुढे, खाऊ असेल की नसेल अशी शंका वाटावी अशा जागी ठेवलेल्या भांड्याकडे जाताना हे कुत्रे अधिक रेंगाळले. म्हणजे प्रशिक्षणाबाहेरही त्यांची अपेक्षा निराशेकडे झुकलेली होती. हा अभ्यास केवळ प्राँग कॉलरचा नाही, अशा पद्धतींचा एकत्रित आहे, हे मला ठाऊक आहे. पण ही कॉलर त्याच पद्धतींत मोडते.

‘फरक लगेच दिसतो’ हे संदेशातील वाक्य खरे आहे. वेदनेने वर्तन लगेच थांबते, याविषयी वादच नाही. मात्र कॉलर काढल्यावर कुत्रा पुन्हा ओढत असेल, आणि पुष्कळदा तसेच होते, तर तो सैल पट्ट्याने चालायला शिकलेलाच नसतो.

धनगर आणि मेंढपाळ पूर्वीपासून काट्यांचे पट्टे वापरत आले आहेत, हा मुद्दा तर संदेशात विचार न करता घुसडलेला आहे. हिमालयातील गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यातील लोखंडी काटे बाहेरच्या बाजूला असतात, कारण ते बिबट्याने मान धरू नये यासाठी असतात. आणि परदेशातील बंदी संदेशात म्हटल्याप्रमाणे ‘भावनिक लोकांच्या दबावाची’ म्हणावी, तर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात या कॉलर निषिद्ध आहेत, जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात त्यांचा वापर करता येत नाही आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्या आयातीवर बंदी आहे; इतक्या सरकारांना हुंदका आवरला नाही, असे मानणे कठीण आहे.

बहिणीला मी छातीपुढे कडी असलेला हार्नेस घ्यायला सांगितले आहे. पट्टा ताणला की जागीच थांबायचे, तो सैल पडला की पुढे चालायचे, कुत्रा आपणहून शेजारी आला की लगेच खाऊ द्यायचा आणि रोजच्या फेरीत वास घेण्यासाठी त्याला मोकळा वेळ ठेवायचा. सुरुवात घरात, मग जिन्यात, मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर करावी, कारण वर्दळीत त्याचे लक्ष तिच्याकडे राहणार नाही. याला काही आठवडे लागतील. एवढ्यावर भागले नाही, तर प्रशिक्षक नेमताना कुत्रा चुकला की तुम्ही नेमके काय करता हे आधी विचारावे आणि उत्तरात ही कॉलर आली तर दुसरा प्रशिक्षक शोधावा. कुत्रा झेपावत असेल किंवा चावू पाहत असेल, तर त्याआधी पशुवैद्याकडून त्याला कुठे दुखत नाही ना हेही तपासून घ्यावे.