लेझर पहिली आली, बक्षीस ऑप्टिमिस्टला: शिडाच्या होड्यांच्या रविवारच्या शर्यतीबद्दल उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आमच्या क्लबला एक तारा देऊन लिहिलंत की लेझर ही वेगवान होडी घेऊन सगळ्यांच्या आधी पोहोचलात, तरी बक्षीस ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या, संथ होडीवाल्या मुलाला गेलं. आम्ही गुपित गणित लावून ओळखीच्यांना जिंकवतो, असंही तुमचं म्हणणं आहे. निकाल मीच लावला होता, म्हणून उत्तर मीच देतो.

गणित गुपित नाही. मोठ्या यॉटींच्या आयआरसी पद्धतीचं सूत्र खरोखरच गुप्त असतं. आमची पोर्ट्स्मथ यार्डस्टिक, म्हणजे संथ आणि वेगवान होड्यांचे वेळ एका मापात आणायची पद्धत, मात्र कुणालाही कागदावर करता येते: लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले होडीचा आकडा. होडी जितकी संथ तितका आकडा मोठा, आणि उत्तर ज्याचं कमी तो जिंकला. आम्ही लेझरला ११०० धरतो, ऑप्टिमिस्टला १६४०. तुमची ५५ मिनिटं झाली ५०. त्याची ८० मिनिटं झाली ४८ मिनिटं ४७ सेकंद. ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन क्लबांच्या निकालांवरून जे आकडे काढते, त्यांच्या जवळपासचे आम्ही मोसमाच्या सुरुवातीला लावतो आणि मग मोसमभर हलवत नाही. तो मुलगा दर शनिवारी आमच्याकडे शिकतो, हे खरं. पण आकडा होडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही, आणि त्याची होडी जेमतेम २.३ मीटरची आहे.

तुमच्या तक्रारीतली एक गोष्ट मात्र मला पटली. साडेअकराला सुटलो तेव्हा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा सकाळचा वारा, मरत आली होती. शेवटच्या बोयापाशी तुमचं शीड लुळं पडलं होतं, मी बचाव-बोटीतून बघत होतो. तुम्ही १२ वाजून २५ मिनिटांनी आलात आणि जवळपास त्याच वेळी वायव्येचा वारा भरला. त्या मुलाला शेवटची पंचवीस मिनिटं तो वारा मिळाला, तुम्हाला मिळालाच नाही. कुठलाही आकडा हे भरून काढत नाही. मुंबईच्या बंदरात तर भरती-ओहोटीचंही तेच: पाणी फिरायच्या आत जो पोहोचला तो सुटला, मागचा अडकला. उधाणाच्या दिवशी हाच हिशेब लेझरच्या बाजूने जातो, आणि तेव्हा लहान मुलं रडवेली होऊन परत येतात. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक शर्यत एकाच जातीच्या होड्यांची असते म्हणून हा प्रश्न येत नाही. आमच्याकडे लेझर तीनच आहेत.

चूक आमचीही झाली. आकड्यांचा तक्ता शेडमध्ये लावलेला होता, पण सुटण्याआधी समजावून सांगायला हवा होता. तो सांगितला नाही, त्याबद्दल मनापासून माफी.

या रविवारपासून संथ होड्या आधी सोडणार. आकडे तेच. ऑप्टिमिस्ट सुटल्यावर लेझर २७ मिनिटांनी सुटेल, आणि रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. शेवटचा टप्पा सगळ्यांना एकाच वाऱ्यात, एकाच पाण्यात मिळेल, आणि निकाल तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

तुम्ही यावं अशी इच्छा आहे. शुल्क घेणार नाही. दहापर्यंत आलात तर आकडे सोबत बसून तपासू, तुमची होडी तयार असेल.