पाच हजारांत मॅन्युअल आणि एक पिवळा रुमाल

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमचा भोसरी-चाकणच्या छोट्या मशीनवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. स्टीलचे भाव, वेल्डर मिळत नाही, गुरुवारी वीज गेली, मोठ्या कंपनीने पेमेंट अडवलं, अशी रडगाणी तिथं चालतात. आज एकाने टाकलं, ‘मशीनचं मॅन्युअल लिहायला कुणी फ्रीलान्सर आहे का? सोपं काम आहे. ४० पानं. बजेट ५ हजार. शुक्रवारी डिस्पॅच.’

दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. ‘चॅटजीपीटीला सांग, फुकटात देईल.’ ‘माझ्या पुतण्याचं इंग्लिश चांगलंय, बीकॉमला आहे.’ ‘माझंच घे, नाव तेवढं बदल.’ या शेवटच्याला सगळ्यात जास्त अंगठे.

मशीन अठरा लाखांचं आहे. मला माहीत आहे, कारण त्याने रंगाच्या छटेवरून पावडर कोटिंगवाल्याशी केलेलं भांडण मी स्वतः सोडवलंय. नावाची पट्टी लेझरने कोरून घेतली. एक्झिबिशनच्या स्टॉलवर एलईडीची भिंत उभी केली. आणि ते मशीन चालवायचं कसं, हे सांगणाऱ्या कागदाला पाच हजार. तेही शुक्रवारपर्यंत.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं, कारण २०१६ साली मी अगदी असाच होतो.

तेव्हा आम्ही मसाल्यांसाठी पाउच पॅकिंगचं मशीन बनवलं. वर फिल्मचा रोल, कॉलरवरून खाली येताना त्याची नळी होते, उभं सील, आडवं सील, कटर, पाउच खाली. मशीन चांगलं होतं, आजही चांगलं आहे. मॅन्युअल मी नव्या ट्रेनीकडून करून घेतलं. त्याने एका चिनी मशीनची पीडीएफ मिळवली आणि चित्रं बदलली. ६४ पानं झाली. मी वजन बघून खूश झालो, स्पायरल बाइंडिंग केलं, वर सोनेरी अक्षरं.

पहिलंच मशीन सांगलीला गेलं, हळद भरायला. दिवाळीच्या तोंडावर रात्री साडेदहाला फोन. ‘साहेब, स्क्रीनवर ई-०७ आलंय, मशीन थांबलंय.’ म्हटलं, मॅन्युअल बघा. तो म्हणाला, ‘बघितलं. त्यात लिहिलंय, ई-०७ म्हणजे सेन्सर एरर, कृपया सेवा अभियंत्याशी संपर्क साधा. म्हणून तर फोन केला.’

आता बोला.

आमचा सर्व्हिसचा पोरगा रात्री स्वारगेटवरून एसटीत बसला. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. पहाटे पोहोचला. फिल्मवरची खूण वाचणारा जो फोटोसेल असतो, त्याच्या काचेवर हळदीचा थर बसला होता. मशीनला खूण दिसेना, म्हणून पाउचची लांबी कळेना, म्हणून मशीन थांबलं. पोराने खिशातला रुमाल काढला, काच पुसली, ई-०७ गेला. चाळीस सेकंदांचं काम. परत आल्यावर त्याने तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. पिवळाधमक. बोलला काहीच नाही.

त्या दिवाळीत तो सांगलीला तीनदा गेला.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता हं. मी गिऱ्हाइकालाच नावं ठेवली. ‘लोक मॅन्युअल वाचत नाहीत.’ हे वाक्य आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने म्हटलेलं आहे. अहो, त्याने वाचलं होतं! वाचलं म्हणूनच फोन केला. तीन ओळी नीट असत्या, ‘काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मग रीसेट दाबा’, तर तो माणूस आणि माझा पोरगा दोघंही त्या रात्री झोपले असते.

पुढच्या वर्षी एका ओळखीतून एक टेक्निकल रायटर ताई मिळाल्या. आधी सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअलं लिहायच्या, मुलीच्या शाळेमुळे नोकरी सोडून फ्रीलान्स करत होत्या. मी पहिला प्रश्न काय विचारला? ‘पानाला किती?’

त्या म्हणाल्या, ‘पानावर नाही घेत मी. तुमची ६४ पानं मी २० वर आणली, तर माझे पैसे कमी करणार का?’

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, बाई शिष्ट आहे. मग त्यांनी उलटे प्रश्न सुरू केले. हे वाचणार कोण? मालक, फिटर की मशीनवर उभा असणारा माणूस? तो किती शिकलेला? उजेड कसा असतो तिथं? हात तेलकट असतात का, पिठाचे असतात का? मी म्हटलं, ताई, तुम्ही इंग्लिश नीट करा, बाकीचं आम्ही बघतो. त्या म्हणाल्या, ‘मग मला कशाला बोलावलंत?’

दोन दिवस शॉपफ्लोअरवर येऊन बसल्या. स्टूल घेऊन, वही घेऊन. माझ्या इंजिनिअरांकडे गेल्याच नाहीत आधी. ट्रायल घेणाऱ्या पोराला म्हणाल्या, ‘दादा, मला काहीच येत नाही असं धरून शिकवा.’ आणि तो जे करेल ते लिहीत गेल्या. फिल्म ओवण्याच्या सात पायऱ्या आमच्या मॅन्युअलात होत्या, पोराने केल्या अकरा. चार पायऱ्या कुणी कधी लिहिल्याच नव्हत्या, कारण आम्हाला त्या ‘येतच’ होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते मी आजवर इथे लिहिलेलं नाही. त्यांनी आमच्या जुन्या मॅन्युअलातलं एक वाक्य वाचून दाखवलं, ‘इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर मशीन पूर्णपणे सुरक्षित होते.’ आणि विचारलं, सील मारणारे हीटरही बंद होतात का?

इलेक्ट्रिकलवाला म्हणाला, हो. मेकॅनिकलवाला म्हणाला, नाही. दोघंही माझेच, दोघंही पहिल्या दिवसापासून त्याच मशीनवर. मी डिझाइनला बसलो होतो, मला विचारलं असतं तर छातीठोकपणे हो म्हटलं असतं.

ताईंनी उठून लाल बटण दाबलं. मोटर थांबली. टेम्परेचर कंट्रोलरवर १५० होतं. आम्ही पाच जण त्या आकड्याकडे बघत उभे. दहा मिनिटं झाली. आकडा १५०. हीटर चालूच होते.

म्हणजे सांगलीला एखाद्या पोराने बटण दाबून, मॅन्युअलवर विश्वास ठेवून, सीलिंगच्या जॉमध्ये, म्हणजे पाउच दाबून चिकटवणाऱ्या गरम जबड्यात, अडकलेलं पाउच बोटांनी ओढलं असतं तर? आणि नुसतं मेन स्विच बंद केलं तरी तो लोखंडाचा ठोकळा लगेच थोडाच गार होतो. मी त्याच रात्री सांगलीला फोन केला. बोटं पोळलेला एक जण होताच. मलम लावून कामाला लागला होता. ‘त्यात काय साहेब, होतं असं’, म्हणाला.

होतं असं.

हे लिहिताना आत्तासुद्धा पोटात कसंतरी होतंय. वायरिंग आम्ही दुसऱ्या आठवड्यात बदललं, सगळ्या विकलेल्या मशीनवर जाऊन. पण ती चूक पकडली कुणी? टेस्टिंगवाल्याने नाही, मी नाही. ज्या बाईला मी ‘इंग्लिश नीट करा’ म्हणत होतो तिने.

म्हणून ते ‘सोपं काम आहे’ वाचलं की माझं डोकं सटकतं. लिहिणं सोपं असेलही. विचारणं सोपं नाही. आपल्याच कारखान्यात आपल्याला कुणी विचारत नाही, कारण कामगाराला वाटतं साहेबांना माहीत आहे आणि साहेबांना वाटतं त्यात विचारायचं काय. बाहेरचं माणूस लागतं, ज्याला न कळण्याची लाज नाही.

चॅटजीपीटीवाल्यांसाठी: बाबांनो, मीही वापरतो. भाषा सफाईदार करतं, मान्य. पण त्या दिवशी त्याला विचारलं असतं तर त्यानेही तेच सुंदर वाक्य दिलं असतं, ‘मशीन पूर्णपणे सुरक्षित होते.’ ते स्टुलावरून उठून बटण दाबत नाही.

सगळे फ्रीलान्सर अशा ताई नसतात, हेही खरं. मध्ये एकाने ॲडव्हान्स घेऊन आमचंच ब्रोशर उलटसुलट करून पाठवलं होतं. तेव्हापासून मी आधी एकच प्रकरण लिहून घेतो, त्याचे वेगळे पैसे देऊन. पैसे देऊन बरं का! ‘सँपल म्हणून फुकट दहा पानं करून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः गिऱ्हाइकाला मशीनचा एक फुकट गिअरबॉक्स पाठवून दाखवावा.

ताईंचं काम तीन आठवडे चाललं. मराठी आणि इंग्लिश मिळून ७० हजार. ६४ पानांची २२ झाली. शिवाय मशीनच्या दाराला आतून चिकटवायचा एक लॅमिनेट केलेला कागद, त्यावर नेहमीचे नऊ एरर आणि प्रत्येकापुढे आधी स्वतः काय करून बघायचं ते. ई-०७ सगळ्यात वर. मी जिथं तिथं पिवळे त्रिकोण चिकटवले होते, ते त्यांनी निम्मे काढायला लावले. ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’, ‘कॉशन’ हे तीन शब्द मी आवडीप्रमाणे वापरत होतो. जीव जाणारच किंवा गंभीर इजा होणारच, तिथं पहिला. तसं होऊ शकतं, तिथं दुसरा. किरकोळ इजेसाठी तिसरा. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. सगळीकडेच ‘डेंजर’ लिहिलं की कुणी कुठलंच वाचत नाही.

आणि आता माझी आणखी एक लाज. त्यांचं बिल मी चौऱ्याहत्तराव्या दिवशी दिलं. त्यांनी तीनदा मेल केला, तिन्ही वेळा अतिशय नम्र. मी, जो मोठ्या कंपन्यांनी नव्वद दिवस अडवलं की याच भिंतीवर शिव्या घालतो! त्यांची ‘उद्योग आधार’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी होती, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, हा छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा जसा माझ्या बाजूने आहे तसाच त्यांच्याही. तेव्हा त्यांनी तो दाखवला नाही. आता तर मुदत उलटून वर्ष संपलं तरी पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरता येत नाही, त्यामुळे सीए ओरडतो म्हणून आपण सरळ झालोय. सीए ओरडतो म्हणून. माणुसकी म्हणून नाही.

ज्यांना खरंच कुणाला नेमायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, कारण इनबॉक्समध्ये विचारणार आहात. मशीनचं डिझाइन कायमचं पक्कं झाल्यावर बोलवू नका, ट्रायल सुरू असताना बोलवा. तुमचा एक इंजिनिअर रोज तासभर त्यांच्यासाठी मोकळा ठेवा, नाहीतर त्या माणसाचे निम्मे दिवस तुमच्या लोकांच्या मागे फिरण्यात जातात आणि उशीर झाला म्हणून तुम्हीच बोंबलता. दुरुस्तीच्या फेऱ्या किती हे आधी ठरवा. मूळ फाइल तुमच्याकडे राहणार हे करारात लिहा, नुसती पीडीएफ घेऊन बसू नका, पुढच्या मॉडेलला रडाल. आणि युरोपात मशीन पाठवायचं असेल तर मॅन्युअल ही शोभेची वस्तू नाही. ज्या देशात जाणार तिथल्या भाषेत सूचना द्याव्या लागतात, मूळ कुठली आणि भाषांतर कुठलं हे छापावं लागतं. त्यांचा मशिनरीचा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय, त्यात डिजिटल सूचना चालतील. चालतील म्हणजे लिहाव्या लागणार नाहीत असं नाही.

छोट्या युनिटला ७० हजार जड जातात, हो, जातात. मलाही गेले. पण त्या दिवाळीतल्या सांगलीच्या तीन फेऱ्या, पोराचा भत्ता, त्याचे बुडालेले दिवस, गिऱ्हाइकाचा सीझन यांची बेरीज मी कधी मांडलीच नव्हती, कारण त्याचं बिल येत नाही. मॅन्युअलवालीचं बिल येतं, म्हणून ते डोळ्यांत खुपतं.

तो सर्व्हिसचा पोरगा आता आमचा सर्व्हिस मॅनेजर आहे. नवीन मॉडेल निघालं की ताई येतात आणि तो स्वतः त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवतो, चहा बिनसाखरेचा हे न विचारता सांगतो. मी मात्र त्यांना चौऱ्याहत्तर दिवसांबद्दल सॉरी अजून म्हटलेलं नाही. त्या इथे फेसबुकवर आहेत. ताई, सॉरी.

हे टाइप करता करता ग्रुपवरच्या त्या मित्राचा पर्सनल मेसेज आला, ‘तुझ्याकडे कुणी आहे म्हणे. नंबर दे. पण बजेट पाचच आहे.’

नंबर दिला नाही. स्वारगेटवरून रात्री सांगलीला सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक पाठवलंय.