अपग्रेडनंतर ईमेलचे फिल्टर ‘पुसले’ जातात? /क्लीनरूल्स दाबण्याआधी हे वाचा

पणजी, म्हापसा, मडगावच्या हॉटेलवाल्यांच्या आणि छोट्या ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: थंडरबर्ड किंवा आउटलुक हे ईमेलचे प्रोग्राम अपग्रेड झाले की फिल्टर, म्हणजे आलेले मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरात टाकणारे नियम, कायमचे पुसले जातात. यादीत दिसले तरी ते निकामी असतात. उपाय तीन: विंडोजच्या ‘रन’ खिडकीत ‘आउटलुक.एक्सई /क्लीनरूल्स’ द्या, थंडरबर्डचं प्रोफाइल (खाती, मेल आणि सेटिंग्ज ठेवणारा फोल्डर) डिलीट करून सगळं नव्याने टाका, नाहीतर जुनी आवृत्ती बसवा. खाली ‘सर्वांना पाठवा’ आहेच.

‘पुसले जातात.’ थंडरबर्डचे फिल्टर ‘एमएसजीफिल्टररूल्स.डॅट’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. प्रत्येक खात्याची फाइल वेगळी. आयमॅप खात्याची (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) प्रोफाइलमधल्या ‘आयमॅपमेल’ फोल्डरात, पॉप खात्याची (ज्यात मेल संगणकावर उतरवले जातात) ‘मेल’ फोल्डरात. अपग्रेड तिला हात लावत नाही. मग यादी रिकामी का दिसते? 2019 मध्ये आलेल्या 68 व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपलं स्वतंत्र प्रोफाइल धरतं. थंडरबर्डच्या 32 बिट प्रकारावरून 64 बिट प्रकारावर जाताना प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरात बसला, तर कोरं प्रोफाइल उघडू शकतं. माणूस खातं पुन्हा भरतो, आयमॅपमुळे सगळे मेल सर्व्हरवरून परत उतरतात, आणि वाटतं की बाकी सगळं आलं, फिल्टर तेवढे गेले. ते गेलेले नसतात. मेल सर्व्हरवर होते म्हणून दिसले. फिल्टर संगणकावर होते, ते जुन्या प्रोफाइलात पडून आहेत.

हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या दुव्यावर जा. जुनं प्रोफाइल यादीत असेल तर तेच डिफॉल्ट करा आणि थंडरबर्ड बंद करून उघडा. नवीनच प्रोफाइल ठेवायचं असेल तर थंडरबर्ड पूर्ण बंद करून जुनी फिल्टर-फाइल नव्या प्रोफाइलातल्या त्याच खात्याच्या फोल्डरात आणा. चालू असताना आणलीत तर प्रोग्राम तिच्यावर आपली प्रत लिहून मोकळा होतो. आणि हे सगळं करण्याआधी फिल्टरच्या खिडकीत वर कुठलं खातं निवडलेलं आहे तेही बघा. दोन-तीन खाती असली की बरेचदा घोळ तिथेच असतो.

‘दिसले तरी निकामी.’ तपासल्याशिवाय असं म्हणू नये, आणि तपासणं सोपं आहे. मेसेज फिल्टर्सच्या खिडकीत ‘फिल्टर लॉग’ चालू करा. मग एक फिल्टर निवडून ‘रन नाउ’ दाबा. हाताने चालला तर नियम शाबूत आहे, अडचण तो कधी चालतो यात आहे. लॉगमध्ये हलवण्याची क्रिया फसल्याचं आलं तर फोल्डरचा पत्ता चुकला आहे. फाइलीत त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग, युजरनेम आणि सर्व्हरच्या नावासकट, लिहिलेला असतो. सर्व्हर बदलला किंवा वेबमेलवरून ‘बुकिंग’चं ‘बुकिंग जुनी’ केलं, की तो मार्ग कुठेच पोचत नाही. फिल्टर एडिट करून फोल्डर पुन्हा निवडला की काम झालं.

हाताने चालतो पण आपोआप नाही, याचं आमच्याकडचं नेहमीचं कारण अपग्रेडशी संबंधितच नसतं. आयमॅपच्या इनबॉक्समध्ये थंडरबर्ड फक्त न वाचलेल्या नव्या मेलवर फिल्टर लावतं. पावसात वीज गेली, रिसेप्शनचा संगणक बंद पडला, तेवढ्यात मालकाने बुकिंगचे मेल फोनवर वाचून काढले. वीज आल्यावर थंडरबर्डला ते वाचलेले दिसतात आणि ते जागचे हलत नाहीत. फोनही वापरायचा असेल तर फिल्टर सर्व्हरवरच करावेत, वेबमेलच्या सेटिंग्जमधून. मजकुरावर अट लावलेला फिल्टर असेल तर मेल पूर्ण उतरवलेला असावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

‘/क्लीनरूल्स द्या.’ हा सल्ला सर्वांत घातक. आउटलुकमध्ये फिल्टरांना ‘रूल्स’ म्हणजे नियम म्हणतात, आणि ही आज्ञा त्यांतलं काहीच दुरुस्त करत नाही. संगणकावरचे आणि सर्व्हरवरचे, दोन्हीकडचे नियम पुसते. म्हणजे ज्याची भीती घालायची तेच करून दाखवायचं! आधी ‘मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स’मध्ये ऑप्शन्सवर जाऊन ‘एक्सपोर्ट रूल्स’ करा. आरडब्ल्यूझी फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवर ठेवा.

आउटलुकबाबत एक गोष्ट मात्र खरी. ‘नवीन आउटलुक’मध्ये फक्त संगणकावर चालणारे नियम मिळत नाहीत: पीएसटी (संगणकावरच साठवलेल्या मेलची फाइल) फोल्डरात हलवणारे, आवाज वाजवणारे, मेल आला की छापणारे. ते क्लासिक आउटलुकमध्येच चालतात, तेही ते उघडं असेपर्यंत. दोन्ही ॲप एका संगणकावर राहू शकतात. नव्या आउटलुकमधून क्लासिकवर परत जाता येतं.

‘प्रोफाइल डिलीट करा.’ पॉप खातं असेल आणि सर्व्हरवर प्रती ठेवत नसाल, तर जुने मेलही त्याबरोबर जातील.

‘जुनी आवृत्ती बसवा.’ नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनं थंडरबर्ड उघडत नाही, नवं प्रोफाइल करायला सांगतं. म्हणजे पुन्हा कोरं प्रोफाइल आणि पुन्हा रिकामी यादी.